दोन वर्षांहून जुनं सगळं जाणार

सोमवार, ४ मार्च
मिळाली परवानगी! साहेब किती दिवस ‘बघू, बघू’ करत होते. आज सर्व्हर भरल्यामुळे त्यांचीच मेल अडकली, आणि लगेच मला बोलावणं! दोन वर्षांहून जुनी प्रत्येक मेल शुक्रवारी संध्याकाळी सहाला आपोआप उडणार. पुढेही रोज उडत राहणार. नियम लिहिला आणि स्वतःच टाळी वाजवली.

मंगळवार, ५ मार्च
ऑफिसात नुसता गोंधळ. हिशेबवाल्या मावशींनी कुणाची तरी छत्री हरवल्याची मेल नऊ वर्षं जपून ठेवलीय. कशाला, तर म्हणाल्या, छत्री सापडली तर? पोट धरून हसले. मी सगळ्यांच्या मागे लागलेय — मेलच्या पेट्या साफ करा, पेट्या साफ करा!
नियमाची रंगीत तालीमही लावून दिली. काय काय उडालं असतं, त्याचा अहवाल मला दर पाच मिनिटांनी मेलने येतो. वाचतंय कोण!

बुधवार, ६ मार्च
फूटपट्टी आला होता. नकाशे काढतो, ताठ बसतो, म्हणून फूटपट्टी — हे नाव फक्त या पानावर. एरवी प्रिंटर बिघडला म्हणून येतो आणि प्रिंटर ठणठणीत असतो. आज प्रिंटरचं नावही नाही. लिहून ठेवलेल्या, पण न पाठवलेल्या मेलही जाणार का, विचारत होता. म्हटलं, जुन्या असतील तर जाणारच. कान लालेलाल!
तो गेल्यावर पाहिलं. त्याच्या ड्राफ्टमध्ये एकच मेल. तीन वर्षांपूर्वीची — मी इथे लागले तेव्हाची! माझ्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या. एक क्लिक, की वाचता आली असती.
नाही उघडली. हात मांडीखाली दाबून बसले, अगदी खरं.
जेवताना आई म्हणाली, ताटाकडे बघून काय हसतेस गं?

गुरुवार, ७ मार्च
माझ्यासाठीच असेल ना? की राजीनामा आहे? देवा, राजीनामा नको! तेवढी एक मेल नियमातून वगळता येईल, कुणाला कळणारही नाही. पण नाही वगळणार. त्या खोट्या प्रिंटरची वाट बघण्यात माझीही तीन वर्षं गेलीत. पाठव बाबा, नाहीतर जाऊ दे.

शुक्रवार, ८ मार्च
सकाळपासून इनबॉक्सवर डोळे लावून बसले. एक नवी मेल नाही, कुणाचीच नाही. सहाला नियम चालला, सर्व्हर मोकळा झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या ड्राफ्टमध्ये आता काही नाही. माझ्याकडेही नाही.
म्हणजे जाऊ दिली त्याने. आणि पुसली कुणी? मीच. घरी येऊन रडले.

सोमवार, ११ मार्च
फूटपट्टी दारात. हातात छापलेला कागद — समोरची पेटी भरलेली असल्याने मेल परत. समोरची पेटी म्हणजे माझी! माझ्याच अहवालांनी गच्च!
“शुक्रवारी तीनदा पाठवली,” तो म्हणाला. “मग ठरवलं, तोंडीच विचारावं.”
विचारलं. मी हो म्हटलं.