पुढच्या मंगळवारचा धडा

प्रिय ताई,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मध्येच "बरं, जेवलीस का?" असं विचारतेस आणि विषय तिथेच संपतो. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हे पत्र. मी चिडले आहे. आधीच सांगून टाकते, कारण माझ्या तोंडावरून कुणाला काही कळत नाही, अशी तुझी जुनी तक्रार आहे.

बातम्या उरकते. आईचा गुडघा दुखतोय आणि तो दुखत नाही असं तिचं म्हणणं आहे. माझी नोकरी ठीक. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्या सभ्य भाषेत कळवायच्या. आज सभ्य भाषेला सुट्टी. आणि आपला जावा प्रोग्रामिंगचा कोर्स संपला. "आपला" म्हणतेय, कारण टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत नाव घालायला मला तूच ओढत नेलं होतंस. "तू एकटी गेलीस तर कुणाशी एक अक्षर बोलणार नाहीस," म्हणाली होतीस. खरं होतं. तू कोर्स सोडल्यावर बोलले नाही.

सरांची पद्धत आठवते ना? एका कीबोर्डवर दोघं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने टाइप करायचं, आणि टाइप करणाऱ्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तू सांगायचीस, मी टाइप करायचे. माझी पाळी सांगायची आली की मी अडखळायचे आणि तू हात बांधून म्हणायचीस, "बोला बाईसाहेब, बोटं वाट बघतायत." तुझ्यानंतर माझ्या जोडीला ते निवृत्त काका आले. ते सांगत नाहीत, खेकसतात. "सेमीकोलन!" असं इतक्या जोरात, की खालचा टायरवाला एकदा वर बघायला आला. डेटा स्ट्रक्चरचा अख्खा अर्धा कोर्स मी असा काढला. लिस्ट, रांगा, झाडं, मॅप, माहिती रचून ठेवायच्या सगळ्या तऱ्हा. चांगलं जमलं. तरी तुझ्यावरचा राग गेला नाही.

तो प्रात्यक्षिकाचा दिवस पुन्हा काढते, कारण तू तो चुकीचा लक्षात ठेवला आहेस. औषधांच्या दुकानासाठी तू कॉम्प्युटरच्या पडद्यावरची खिडकी बनवली होतीस: नाव टाकायचं, बटण दाबायचं, औषध कुठल्या कपाटात आहे ते दिसणार. रंग, रकाने, बटणांची जागा, सगळं नेटकं. वर्गात कुणाचंही तसं नव्हतं. आपण ते मोजक्याच नावांवर चालवून बघितलं होतं. सरांनी त्या दिवशी खऱ्या दुकानाची सगळी यादी घातली आणि बटण दाबलं. खिडकी गोठली. बटण दबलेलं ते दबलेलंच, अर्धा पडदा पांढरा. आणि तुझं प्रात्यक्षिक बघायला आलेले भावोजी मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "एवढे महिने खपून खिडकी केली, ती पण अडकली!" सगळे हसले. तूही हसलीस, ते मला सर्वात जास्त लागलं. मग तू बॅग उचललीस, ती परत वर्गात आलीच नाहीस.

भावोजींवर मी फार शाई घालवणार नाही. ते वाईट नाहीत. त्यांना विनोद सुचला की तो थांबवता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तो आठवतही नसतो. तू मात्र तो जपून ठेवलास. माझा राग आहे तो तुझ्यावर.

कारण पुढच्याच मंगळवारी सरांनी नेमकं तेच शिकवलं. खिडकी रंगवायला आणि बटणाचं ऐकायला आत एकच गडी असतो. आपण त्यालाच यादी धुंडाळायला पाठवलं होतं. तो परत येईपर्यंत खिडकीपाशी कुणीच नव्हतं, म्हणून ती गोठली. शोधायला दुसरा गडी लावायचा, एवढंच. मी तिथेच बसून तुझा प्रोग्राम दुरुस्त केला. जेमतेम चार-पाच ओळी. सर म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगा, इथल्या प्रत्येकाची खिडकी अडकणारच होती. तिची आधी अडकली, कारण बाकीच्यांची उघडण्याइतकी तयारच नव्हती." मी त्याच संध्याकाळी तुला फोन करून हे शब्दन् शब्द सांगितलं. तू म्हणालीस, "असू दे गं. खिडक्या रंगवणं वेगळं, खरं डोक्याचं काम वेगळं. ते तुझं." आणि मग, "जेवलीस का?"

घर सांभाळणं म्हणजेही डेटा स्ट्रक्चरच असतं, असलं गोडगोड बोलून मी तुला समजावणार नाही. नसतं. घर म्हणजे घर आणि जावा म्हणजे जावा, आणि तुला जावा येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुला माहीत आहे असं मी धरून चालले होते.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. रविवारी तू आईकडे आली होतीस, तेव्हा तुझी लेक माझ्या मांडीवर बसून लॅपटॉपवरची बटणं दाबत होती. तिने विचारलं, "आई, आपण दाबलं हे बटणाला कसं कळतं?" तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मला नाही कळत बाई त्यातलं. मावशीला विचार." ताई, हाच प्रश्न मी तुला विचारला होता, पहिल्या आठवड्यात. तू म्हणाली होतीस, बटणाला काही कळत नसतं. आपण त्याला आधी सांगून ठेवायचं असतं, की तू दाबलं गेलंस की मला हाक मार. पुस्तकाची दोन पानं वाचून मला जे समजलं नव्हतं, ते तू एका वाक्यात सांगितलंस. आणि रविवारी तू तुझ्या मुलीशी खोटं बोललीस. तू स्वयंपाकघरात गेल्यावर मी तिला म्हटलं, "आईलाच विचार, हे मला तिनेच शिकवलं." ती खदखदून हसली. मावशीने काय विनोद केला म्हणून, ती दोन्ही हात तोंडावर धरून हसली. सात वर्षांची आहे ती. डेटा स्ट्रक्चरची नवी बॅच सोमवारी सुरू होतेय आणि सर तुला घेतील, पण तुझं नाव मी दिलेलं नाही, देणारही नाही. यायचं तर तू स्वतः त्यांना फोन करशील. बटणाचं उत्तर मात्र तिला तू द्यायचं आहेस. तिने मला परत विचारलं, तर मी सांगणार नाही.

तुझीच, आणि अजून न निवळलेली,
धाकटी