बुडाली ती सगळी पृथ्वी नव्हे

बाबा, मागच्या रविवारी चर्चच्या मंडळीतली तीन माणसं घरी आली होती. सत्तावीस वर्षांनी. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला कोणी उरलं नाही, तुम्ही परत या, म्हणाली. फक्त एका कागदावर सही करा, की जलप्रलय साऱ्या पृथ्वीवर झाला नाही असं मुलांना सांगितलं ती माझी चूक होती. मी त्यांना चहा दिला आणि कागद तसाच परत दिला. चूक नव्हती ती. तेव्हाही नव्हती, आजही नाही.

तेव्हा मी चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. रविवारच्या शाळेत नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट सांगताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, एवढं पाणी मंग गेलं कोठी?" सोमवारी एक आणि रविवारी दुसरं सांगणं मला जमणार नव्हतं. मी म्हटलं, ज्याने ही गोष्ट लिहिली त्याला दिसत होता तेवढा मुलूख बुडाला असेल, सगळी पृथ्वी नाही, दगड तसं सांगत नाहीत. संध्याकाळपर्यंत ते तुमच्या कानावर गेलं. मी भाकरी थापत होते, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. "लेकरायले काऊन असं सांगतलं?" "खरं हाय म्हणून सांगतलं, बाबा." "मंग मी जलमभर खोटं वाचून राह्यलो का?" मी तव्यावरची भाकर उलटली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पाळकांनी सगळ्यांना बसवून घेतलं. मंडळीतर्फे बोलायला तुम्ही उठलात. आयुष्यभर विहिरी खोदलेला माणूस, हात सुरुंगाच्या दारूने काळपटलेले, पण पवित्र शास्त्र तोंडपाठ. उंचातले उंच डोंगर पाण्याखाली गेले असं लिहिलं आहे, म्हणालात, त्यात आपला मुलूख सुटला असं कोठी लिहेल नाही. लोकांनी माना डोलावल्या. मग मी उठले, आणि तुमचीच विहीर तुमच्यापुढे ठेवली.

मी दहा वर्षांची आहे. देऊळघाटच्या एका शेतात तुमची विहीर चालू आहे, आणि मी डबा घेऊन काठावर उभी आहे. तुम्ही खालून ओरडता, "पोरी, थे लाल पाह्य! खाली काळा दगड, वरतं काळा दगड, अन् मंधात हे लाल. भाजेल माती हाय." वर आल्यावर समजावून सांगता, की आधी दगड उघड्यावर पडून त्याची माती झाली, मग तिच्यावर तापलेला दगड वाहत आला आणि ती विटेसारखी भाजली. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. पहारीने शिकवलं होतं.

तेच मी सगळ्यांपुढे मांडलं. असे पट्टे एकाखाली एक आहेत, दर वेळी दगडाची माती व्हायला किती काळ गेला असेल, आणि सगळं पाण्याखाली असताना ते कसं होणार? इथवर ठीक होतं. पण लोकांच्या माना डोलायच्या थांबलेल्या पाहून मला चेव आला, आणि मी म्हटलं, "बाबा सोताच म्हणाले होते, याले हजारो वर्षं लागतात." तसं तुम्ही कधीच म्हटलं नव्हतं. ते माझं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. खोटं बोलते म्हणाला असतात तर मी तिथेच संपले असते. तुम्ही एवढंच म्हणालात, "देवाले किती वेळ लागते?" आणि खाली बसलात. मला मंडळीतून काढण्यासाठी हात वर करायला सांगितलं, तेव्हा पहिला हात तुमचा होता.

त्यानंतर आठ वर्षं आपण एका घरात जेवलो. तुम्ही भाकर मागायचात, मी वाढायची, पण हा विषय काही निघाला नाही. बुलढाण्याच्या दवाखान्यात, तुमचे शेवटचे दिवस चालू असताना, मीच काढला. "बाबा, थो लाल पट्टा..." तुम्ही डोळे उघडले. "मले मालूम हाय तुले काय पाह्यजे. नाई. सारी पृथ्वी बुडाली होती." मग पाणी मागितलंत. मी चमच्याने पाजलं.

तुम्ही गेल्यावर मात्र मी सगळ्यांना सांगत आले, की बाबांना मनातून पटलं होतं. माझ्या मुलांना सांगितलं, शाळेत सांगितलं. तुमच्यासारखा विहिरी खोदणारा माझ्या बाजूने असला, की समोरचा पुढे बोलत नसे.

तुम्हाला हे जे लिहिते आहे, ते मी कोणाला दाखवणार नाही. पण रविवारी निघताना त्या तिघांतल्या म्हाताऱ्या बाईंनी दारात विचारलं, "तुमच्या बाबाचं मंग खरंच काय म्हणणं होतं हो?" सवयीचं उत्तर ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "थे माया बाजूचे नव्हते. कधीच नव्हते."