कूलर कोणी बसवला?

मंगळवार, संध्याकाळ

सिंदी मेघेच्या घराची किंमत काढायला आज इंजिनीअर येणार होता, म्हणून मलाही जावं लागलं. घर माझ्या आणि बायकोच्या, नंदाच्या नावावर; तिथं आता ती एकटीच राहते. घटस्फोटाची केस सुरू. माझा अर्धा हिस्सा नंदाला देऊन टाकायचा, असं ठरवूनच गेलो होतो. वीट आला होता भांडणाचा. पण खिडकीत कूलर चालू दिसला.

तो कूलर दर उन्हाळ्यात मीच बसवायचो. नंदाला एकटीला उचलवत नाही. नवा वाळा भरलेला, स्टँडखाली विटेचा तुकडा, आणि भिंतीवर पाण्याचा एक ओघळ नाही. मी बसवलेला तर कायम गळायचा. कोण हा इतक्या निगुतीनं काम करणारा? माझ्या घरात?

अर्धं घर अजून माझं आहे. तिथंच सांगून टाकलं, हिस्सा सोडायची सही करणार नाही, घर विकायचं.

निघताना नंदाला विचारलं, "कूलर कोणी बसवला?"

"तुमच्या बाबांनी," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात आलते. मले म्हणे, पोरी, ऊन लय तापून राह्यलं."

माझे बाबा. नालवाडीला भाड्याच्या खोलीत माझ्यासोबत राहतात. मागच्या आठवड्यात एकदा मला सांगून गेले होते, देवळात जातो.

आत्ता समोर पंख्याखाली पेपर वाचत बसलेत. आमचा कूलर अजून कोपऱ्यात कोरडा पडलाय. तो बसवायचा म्हटलं तर परवा मला म्हणाले, "माही कंबर दुखते, तूच बसवजो."