सातवी लुकलुक

६ ऑक्टोबर २०१२, शनिवार
मशीन आलं! आर्चर अव्हेन्यूवरचा तो जुना बार बंद झाला. मालकीणबाई म्हणाल्या, "फुकट घ्या, पण आजच उचला." १९७९ सालचं पिनबॉल, बॉल उडवून गुण मिळवायचं ते मशीन, काचेवर जलपरी. बेसमेंटच्या जिन्यावरून उतरवताना मी वरून सूचना देत होतो आणि मेहुणा यूजीन खालून वजन घेत होता. त्याची पाठ धरली. सूचना नीट ऐकत नाही.

हेच ते मशीन. आमचा जेरोम आठ वर्षांचा असताना दर शनिवारी आम्ही दोघं त्या बारमध्ये जायचो. पोरगा नुसता वेडा होता याच्यापायी. आता चाळीस वर्षांचा आहे, पोर्टलंडला असतो, चार वर्षांत इकडे फिरकलेला नाही. मागच्या खेपेला हे घर विकण्यावरून आमचं वाजलं आणि तो भरल्या ताटावरून उठून गेला. यंदा थँक्सगिव्हिंगच्या सणाला दुपारपुरता येतोय. संध्याकाळी लगेच परतीचं विमान.

बर्निस म्हणाली, "कॅझ, या वेळी बिनसलं तर तो पुन्हा येणार नाही. पोटचा पोर आहे, नीट बोल त्याच्याशी."
बायको आहे, काळजी करणारच. पण बोलण्याची गरजच पडणार नाही. मशीन चालू दिसलं की पोरगा विरघळेल. सात आठवडे हातात आहेत. मला दोन पुरे.

७ ऑक्टोबर, रविवार
चर्चमधून आल्या आल्या झाकण उघडलं. आत मुख्य बोर्डावर एक बारका दिवा असतो. स्विच टाकला की तो सात वेळा लुकलुकला पाहिजे. सातव्यांदा लुकलुकला की मशीन जिवंत. कमी लुकलुकला तर कुठेतरी बिघाड.
एकदाही लुकलुकला नाही. घाबरलो नाही. पिनबॉलच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली आहेत. पॅकिंगमध्ये होतो हे खरं, पण शिकागोतून बाहेर पडणारं प्रत्येक मशीन माझ्या डोळ्यांखालून जायचं. मशीनचे पाय आणि नटबोल्टची पिशवी मीच टाकायचो खोक्यात.

बर्निस धुतलेले कपडे काढायला खाली आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "बॅटरी गळलीय. हिरवं झालंय बघ सगळं." तीही त्याच कारखान्यात चौदा वर्षं होती, वायरिंगला. तिथे सगळ्या बायकाच. दिवसभर सोल्डरिंग. तो हस्तकलेचा भाग झाला, इलेक्ट्रॉनिक्स वेगळं.
मी म्हटलं, ते मी बघणारच होतो.

१४ ऑक्टोबर
व्हिनेगर आणि टूथब्रश घेऊन बोर्ड घासला. चार लुकलुकी! राहिल्या तीन. आठवड्याला चार म्हणजे येत्या शनिवारी मशीन चालू, वर एक शिल्लक.
टूथब्रश बर्निसचा निघाला. त्यावरून बरंच ऐकून घेतलं.

१९ ऑक्टोबर
एक चिप बदलली. आता दोन. याला मी पीछेहाट म्हणत नाही. बिघाड घाबरून मागे सरकतोय.

२७ ऑक्टोबर
मीटर लावून तपासलं. जिथे लावावा तिथे शून्य. पॉवर सप्लाय गेलाय, दुसरं काय? नवा मागवला, बसवला, चार दिवस त्यात गेले. पुन्हा शून्य. यूजीन पाठीला पट्टा बांधून आला होता. त्याने मीटर भिंतीतल्या प्लगला लावून पाहिला. तिथेही शून्य! मीटरचीच बॅटरी संपलेली.
यूजीन इतका हसला की त्याची पाठ पुन्हा धरली. भोगा म्हणावं.

१ नोव्हेंबर
मुळापासून सुरुवात करायची. सगळे प्लग आणि वायरी सोडवल्या. इंटरनेटवरचे लोक म्हणतात, सोडवण्याआधी फोटो काढा. नवशिक्यांसाठी ठीक आहे. मी प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून नंबर लिहिले. एकशे अठरा नंबर. पद्धत म्हणतात ती ही.

४ नोव्हेंबर
बेसमेंटच्या दमटपणात पट्ट्या सुटल्या. सगळ्या खाली पडल्या आहेत. नंबर मात्र स्वच्छ वाचता येतात.

१० नोव्हेंबर, दुपार
कंटाळा आला. कंबर दुखते, दिसत नीट नाही. जिना उतरलो की चढवत नाही, चढलो की उतरवत नाही. त्र्याहत्तरव्या वर्षी हे कोणी सांगितलंय?

जेरोमचा फोन आला होता. बर्निस वरून ओरडली, "दोन मिनिटं बोल रे, तो तुझ्याबद्दलच विचारतोय!" मी म्हटलं, हात बरबटलेत, त्याला सांग त्याच्यासाठीच राबतोय. तिने काय सांगितलं कोण जाणे. नंतर बराच वेळ वर कपाटांची दारं आपटत होती.

१५ नोव्हेंबर
सहा! बर्निसने वायरी लावल्या. म्हणजे लावत ती होती, देखरेख माझी. "नारिंगीवर निळी रेघ, ही इथे," असं पुटपुटत भराभर लावत गेली, एकदाही कागद बघितला नाही. तीस वर्षं झाली तिला कारखाना सोडून. नशीब असतं एकेकाचं.
सहाव्याला मात्र अडकलंय.

२० नोव्हेंबर
दिवसभर सहा. बर्निस म्हणते, "पॉवरच्या प्लगच्या पिना सोल्डरपाशी तडकल्यात. कारखान्यात असे ढीगभर परत यायचे. दहा मिनिटं दे मला."
दिली नाहीत. दीड महिना मी मर मर मरायचं आणि शेवटची दहा मिनिटं हिने घ्यायची? असं कुठे असतं का!
ती म्हणाली, "अरे, परवा पोरगा येतोय. कोणी केलं याला काय महत्त्व आहे?" मी दुपारचा झोपायला गेलो.

२१ नोव्हेंबर, दुपारी चार
आजही दुपारी झोपलो, उठून खाली गेलो, स्विच टाकला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात!!
जलपरी उजळली, घंटा वाजली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हणजे बोर्डाला फक्त विश्रांती हवी होती. बेसमेंटमध्ये सोल्डरचा वास होता आणि बर्निसचा चष्मा मशीनवर पडलेला. कुठेही विसरते चष्मा.

२२ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग, संध्याकाळी सहा
जेरोम एकटा आला. केस विरळ झालेत. बर्निसने टर्की केली होती, बटाट्याचं सारण भरून पिएरोगी केली होती. त्याने दोनदा वाढून घेतली. सगळं छान चाललं होतं. कॉफी घेताना म्हणाला, "डॅड, मला तुझ्याशी जरा बोलायचंय." मी म्हटलं, आधी खाली चल.

मशीनकडे तो बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, आठवतंय का, किती खेळायचास? तो म्हणाला, "मी? मी नाही, तू खेळायचास. मी तुझा कोट धरून उभा असायचो." पोरांच्या लक्षात राहत नाही. मी म्हटलं, थांब, कसं चालतं ते दाखवतो, मग तू.

बॉल काय पळत होता! सगळे दिवे, सगळ्या घंटा. मधे एकदा त्याने विचारलं, "आता माझा नंबर?" मी म्हटलं, हा बॉल संपू दे. त्यावर एक्स्ट्रा बॉल मिळाला, त्याला मी काय करणार? जिन्यावर पावलं वाजली. वाटलं, कॉफी आणायला गेला. चार लाख बारा हजार सहाशे. आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा स्कोअर. ओरडलो, "जेरोम, बघ, बघ!"

वर आलो तर बर्निस ताटं घासत होती. दारात त्याची भाड्याची गाडी नव्हती. म्हणाली, "अर्धा तास उभा होता खाली. विमान चुकलं असतं." काय बोलायचं होतं त्याला, विचारलं. "ते त्याला विचार," म्हणाली. वळूनही पाहिलं नाही.
फोन लावला. उचलत नाही. दोनदा लावला.

चाळीस वर्षांचा माणूस मला विचारत होता, आता माझा नंबर का म्हणून. एक बॉल दिला नाही मी त्याला.