दाजी, तुळसचं स्थळ रद्द समजा

मस्तगड, जालना
गुरुवार, ११ डिसेंबर २००८

तीर्थस्वरूप रखमाजी दाजी यांच्या सेवेशी,

आबाराव काकांचं सुतक चालू असल्यामुळं या पत्रात नमस्कार घालत न्हाई. तो शिल्लक ठेवतो आणि सुतक फिटलं की स्वतः आष्टीला येऊन पोचता करतो. तुमचा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का? बेबीनंदाचा कॉम्प्युटरचा कोर्स कुठवर आला? (या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक हाय, पण ते पुढं येईल.) इकडं सगळे बरे हायेत, मी सोडून. कालपासून मला घास उतरंना. पत्र पोस्टात न टाकता माझ्या दुकानातल्या अप्पारावच्या हाती यष्टीनं धाडू राह्यलो, आणि फोन करत न्हाई, कारण तुमच्या घरी फोन अक्का उचलते. आता खाली बसा. बाजेवर नका बसू, भिंतीला टेकून बसा, आणि मंग पुढचं वाचा.

दिवाळीच्या पत्रात मी बेबीनंदासाठी एक स्थळ कळवलं होतं ते आठवत असंल. पोरगा शांत, कामाला वाघ, बारा एकर घरची शेती, आवाज चढवून बोलणं बिलकुल न्हाई. तुम्ही फोटो मागितला आणि मी आज देतो उद्या देतो करत राह्यलो. दाजी, ते स्थळ रद्द समजा. का रद्द, ते सांगायला थोडं मागून यावं लागंल.

तुम्हाला ठाऊक हाय की दुकानात बिलं करायला मी कॉम्प्युटर घेतला. खताच्या दुकानात दुपारी कोण येतंय? पेरणी संपली की माणूस माशा मारत बसतो. बियाण्याच्या कंपनीचा एक एजंट त्यात एक गेम घालून गेला. इंटरनेटवरचा गेम हाय, देशोदेशीचे लोक एकाच वेळी खेळतात. आपण एक सोंग घ्यायचं, तलवार घ्यायची आणि राक्षस मारायचे. पहिल्याच दिवशी मला रानडुकरानं मारलं. स्वतःचं मढं पडलेलं पाहून मला असा धक्का बसला, की दुकान बंद करून मी घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. (दुसऱ्या दिवशी कळलं, की मेलेला माणूस मिनिटभरात उठतो. आंघोळ वाया गेली.) पण मोठा राक्षस एकट्याला मरत न्हाई, त्याला पंचवीस माणसांची टोळी लागते. तिला गिल्ड म्हणतात. तशी एक मी एप्रिलात काढली. आपल्या गावावरून नाव ठेवलं तीर्थपुरी तरुण मंडळ, आणि मुखिया मी.

पंचवीस माणसं जमवणं म्हंजे काय असतंय, हे ज्यानं गावजेवणाला वाढपी गोळा केलेत त्यालाच ठाऊक. परतूरचा पुंजाराम हाय, नांदेडचे सहा, हैदराबादचे नऊ, आणि फिलिपाइन्स नावाच्या देशातला मनिलाचा एक दातांचा डॉक्टर, बाकीचे इकडचे तिकडचे. मी शिस्त बराबर लावली. मोहिमेची वेळ जालन्याच्या भारनियमनाच्या टाइमटेबलावर. (डॉक्टरनं ते आपल्या दवाखान्यात चिकटवलंय म्हणे.) मोहिमेआधी मी कॉम्प्युटरपुढं नारळ फोडणार, त्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं न्हाई. आणि सगळ्यात मोठा नियम: गिल्ड म्हंजे भावकी. सप्टेंबरात पुंजारामची आजी वारली, तवा मी पंचवीस जणांना दहा दिवस सुतक पाळायला लावलं. तलवारीला हात लावायचा न्हाई. डॉक्टरनं लिहिलं, की मी त्या आजीला कधी पाहिलेलं न्हाई. मी लिहिलं, की पाहिलेलं मीबी न्हाई, पण सुतक ते सुतक. पाळलं बिचाऱ्यांनी. तेवढ्यात दुसऱ्या टोळीनं आमच्या नाकासमोरून राक्षस मारून नेला. चार जण गिल्ड सोडून गेले, नवे आणावे लागले, पण मी नियम सोडला न्हाई.

आता तुळस. गिल्डमध्ये एक जण असा लागतो, की जो लढत न्हाई. मागं उभं राहून जखमी माणसाला बरं करतो. तो चुकला की पंचवीसच्या पंचवीस आडवे. आमचं हे काम मे महिन्यापासून तुळस नावाचं एक सोंग करतंय. आवाज न्हाई, नुसतं टाइप करून बोलायचं, इंग्रजी अक्षरात मराठी. मी त्याला नांदेडकडचा पोरगा समजलो. आठ महिन्यांत त्यानं मला कितीदा वाचवलं याला हिशेब न्हाई, आणि मी त्याला अरे तुळशा, झोपलास का, हात चालव म्हणून शिव्या घालत राह्यलो. मंग मनात आलं, की असा थंड डोक्याचा जावई दाजींना कुठं मिळणार? चौकशी केली. नोकरी काय? उत्तर आलं, पहाटे पाचपासून असते, सुट्टी न्हाई. (मी म्हणलं पोलिसात असंल.) पगार? हातात काही येत न्हाई, राहून खाऊन हाय. (मी म्हणलं ट्रेनिंग चालू असंल.) शेती? बारा एकर, विहिरीला पाणी. दाजी, मला त्याच वेळी उमगायला पाहिजे होतं, पण माणसाची अक्कल कधी कधी पार पेंड खाती.

परवा मंगळवारी आबाराव काका गेले. या शनिवारी आमची सगळ्यात मोठी मोहीम, आग ओकणाऱ्या ड्रॅगनची. आजवर तो कोणी मारला न्हाई. जी टोळी पहिल्यांदा मारंल, तिच्या मुखियाचं नाव आणि गाव त्या गेममधल्या नगराच्या वेशीवर दगडात कोरतात, आणि ते कायमचं राहतं. तुम्ही हसाल, पण माझा जीव त्या दगडात अडकला होता. आज्याचं नाव महादेवाच्या पायरीवर हाय, बापाचं शाळेच्या भिंतीवर, थोरल्याचं बसथांब्यावर. माझं नाव फक्त खताच्या पावतीवर. आणि रविवारी ती दुसरी टोळी ड्रॅगनवर जाणार, म्हंजे शनिवार गेला की सगळं गेलं. तरी मी मन घट्ट केलं. तीर्थपुरीहून माती देऊन आल्तो, काल दुपारी गिल्डला लिहिलं, की माझे चुलत चुलते वारले, दहा दिवस सुतक, शनिवार रद्द. एकदम गलका उठला. डॉक्टरनं विचारलं, की तुमच्यात माणसं नेमकी मोहिमेच्या आठवड्यातच मरतात का.

आणि मंग तुळसनं लिहिलं. शब्द जसेच्या तसे देतो: आबाराव काकाचं मला सुतक न्हाई. मी दिल्या घरची. काल आंघोळ केली, सुटले.

दाजी, आरं देवा! माझ्या हातातला चहा बिलाच्या वहीवर सांडला. मी तीनदा वाचलं. मंग विचारलं, तू कोण? उत्तर आलं, विहिरीवर तुझा पुढचा दात मी पाडला होता, आईला तू पाय घसरला म्हणून सांगितलंस. हे जगात दोनच माणसांना ठाऊक! दाजी, मी बेबीनंदासाठी जो नवरदेव पाहिला होता, ती बेबीनंदाची आई हाय. तुमची नंदाबाई. माझी अक्का! आणि मी तिला उंची विचारली होती!

बेबीनंदा कोर्सचा सराव करती म्हणून दुपारी जे टकटक ऐकू येतं, ते अक्का हाय. मी विचारलं, आठ महिने बोलली का न्हाईस? ती म्हणली, पोरीच्या कॉम्प्युटरात हा गेम होता, त्यात एकाएकी माहेरच्या गावाचं नाव दिसलं म्हणून आत आले. आणि कळलं असतं तर तू मला तिथंबी पंगत वाढायला लावलं असतंस. दाजी, मला रडू आलं. खरंच आलं. कारण लावलं असतं.

मंग मी रात्रभर विचार केला. मी गिल्ड सोडली, की गिल्डला सुतक उरत न्हाई. पुंजाराम मुखिया व्हायला एका पायावर तयार होता. आज सकाळी मी मुखियापण तुळसला दिलं आणि बाहेर पडलो. माझ्या जागी डॉक्टरची बायको बसती हाय.

तेव्हा अक्कावर रागावू नका. रागवायचंच असंल तर माझ्यावर रागवा, तेबी सुतक फिटल्यावर. बेबीनंदाला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
काकासाहेब

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण एवढंच, की शनिवारी दुपारी दोन ते सहा अक्काला चहा मागू नका. पाव्हणा आला तरी चहा तुम्हीच टाका. साखर डाव्या हाताच्या डब्यात हाय, असं अक्का म्हणली. लाईट गेली तर पंखा आणि टीव्ही लावू नका, इन्व्हर्टर कॉम्प्युटरला लागंल.

दुसरा ता.क. नारळ तिनं आणून ठेवलाय. फोडून मात्र तुम्ही द्या, तिचे हात गुंतलेले असतील.

तिसरा ता.क. ड्रॅगन मेला तर दगडावर नंदाबाई, तीर्थपुरी असं लिहू म्हणलं. ती म्हणली आष्टी लिहा, न्हाईतर तुम्ही रुसाल. तुमच्या मारुतीच्या देवळातल्या फरशीवर श्री. रखमाजी सहकुटुंब असं कोरलंय, ते सहकुटुंब म्हंजे अक्का, हे मला काल पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणून मी गेमवाल्यांना लिहून विचारलं, की हिच्या नावापुढं तुमच्यासाठी सहकुटुंब लिहिता येईल का. ते म्हणले, जागा एकाच नावाची हाय.