लांबचं की जवळचं

११ मे, सोमवार

दोन्हीकडून होकार आला! लांबच्या विद्यापीठाचा सकाळी, जवळच्याचा दुपारी. लेक गणिताची पदवी घेणार! लक्ष असं उडालं की खुर्चीतल्या माणसाला म्हटलं, साहेब, जरा चहा घ्या, दाढी नंतर करू. वस्तरा आहे, खेळणं नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नाही. माझी शाळा संपली त्याच आठवड्यात वडिलांनी हातात कात्री दिली. मग ही लेक सातवीत गणितात नापास झाली, रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा मी पुन्हा पुस्तक उघडलं. आदल्या दिवशी मी शिकायचं, दुसऱ्या दिवशी तिला शिकवायचं. सलून बंद केलं की साबणाची वडी घेऊन आम्ही दोघं आरशावर गणितं सोडवायचो. अजून सोडवतो. कधी पुसायचं राहिलं तर सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर वर्गमूळ दिसतं.

महिनाअखेरपर्यंत कुठलं ते कळवायचं आहे.

१२ मे

गिऱ्हाइकांना सांगून चूक केली. खुर्चीत बसला की प्रत्येक जण कुलगुरू!

केमिस्ट म्हणतो, लांबचंच घ्या, नाव आहे त्याचं. रिटायर्ड स्टेशनमास्तर म्हणतात, नाव काय चाटायचंय, पोर डोळ्यांसमोर राहील ते बघा. दोघांची जुंपली आणि मधे मी कात्री घेऊन उभा. स्टेशनमास्तरांचे कल्ले खालीवर झाले.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पण मनाचं काय आहे तेच कळेना तर माणसाने करायचं काय?

१४ मे

शेवटी तिलाच विचारलं.

“तुला काय वाटतं, बाबा?” म्हणाली.

मी म्हटलं, लांबचं. ती म्हणाली, बरं. दुपारभर विचार करून म्हटलं, जवळचं बरं पडेल का गं? ती म्हणाली, बरं.

गुणी पोर आहे. पण जरा भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

१६ मे, शनिवार

शनिवारी ती सलूनमध्ये हाताखाली असते. माझ्या हातात कात्री दिसली की भोकाड पसरणारं एक पोर आज तिच्यापुढे गुपचूप बसलं होतं. केमिस्टची बायको माझी खुर्ची रिकामी असताना अर्धा तास हिच्यासाठी थांबली. केमिस्ट म्हणाला, पोरीचा हात हलका आहे हो, तुमच्यापेक्षा. मी म्हटलं, तो हात खडू धरायला आहे, कंगवा नव्हे.

ती केस झाडत होती. वर बघितलं नाही.

१९ मे

लांबचं बघून आलो. सलून बंद ठेवून, पहाटेच्या गाडीने.

काय ते सभागृह! काय ते फळे, वर सरकतात, खाली सरकतात! एका तरुण बाईंनी नव्या मुलांना कोडं घातलं. एका समारंभात कितीही माणसं असोत, कोणीही कोणाशी कितीही वेळा हात मिळवू दे. ज्यांनी विषम वेळा हात मिळवले, अशा माणसांची संख्या नेहमी समच येणार. का? माझा हात आपोआप वर गेला! म्हटलं, उत्तर येत नाही, पण माणसाने स्वतःशीच हात मिळवला तर चालेल का? बाई हसल्या, म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, पण नाही चालणार. कान गरम झाले माझे. आजूबाजूच्या आईबापांनी वळून बघितलं.

परतीच्या गाडीत डोक्यात तेच. आणि एकदम दिसलं! हात मिळवायला दोघं लागतात. म्हणजे सगळ्यांची मिळून बेरीज समच. मग विषमवाले एकटेदुकटे उरतीलच कसे, त्यांची जोडी लागलीच पाहिजे. लेकीला हलवून सांगितलं. ती म्हणाली, “हो रे बाबा, मला तिथेच कळलं होतं.” मग म्हणाली, त्या बाईंचे केस कोणी कापलेत कोण जाणे, मागून एक बाजू चांगली बोटभर वर आहे, माझं सारखं तिकडेच लक्ष.

लांबचंच. ठरलं.

२० मे

ठरलं कसलं! ती गेली तर संध्याकाळी आरशापुढे मी एकट्याने काय करायचं? हा विचार मनात आला आणि स्वतःचीच लाज वाटली.

२२ मे

जवळचं पाहिलं. दोन बस बदलून. तिथले एक प्राध्यापक माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांना आम्ही प्रोफेसरच म्हणतो. गणित विभाग म्हणजे चार खोल्या, भिंतींचे पोपडे निघालेले, एका खिडकीला दोरी बांधलेली. पण मुलं त्यांना वाटेत अडवून शंका विचारत होती आणि ते जिन्यातच खाली बसून सोडवत होते. मीही बसलो. लेक उभीच.

प्रोफेसरांनी तिला विचारलं, गणितात सगळ्यात जास्त काय आवडतं? ती म्हणाली, “उत्तर आल्यावर बाबाचा चेहरा.” ते मोठ्याने हसले. मीही हसलो. मस्करी करायची सवयच आहे तिला.

जवळचं? की लांबचं? डोक्याचं पार भजं झालं आहे.

२४ मे, रविवार

बायको शाळेची बस चालवते, त्यामुळे कमी बोलते आणि आरशातून सगळं बघते. आज जेवताना म्हणाली, तू हिला लांबचं की जवळचं विचारतोस. जायचंय का, हे विचारलंस?

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला!

२७ मे

विचारलं.

टॉवेलच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, “मला गणित येतं, बाबा. आवडत नाही.”

मी म्हटलं, मग इतकी वर्षं?

“दिवसभर तू लोकांचं ऐकतोस. आरशापुढे उभा राहिलास की माझ्याशी बोलायचास. कंटाळा आला म्हटलं असतं तर तू थांबला असतास.”

तीच पुढे म्हणाली, “मला सलून हवंय. आपलं हेच.”

मी नको ते बोललो. केस झाडायला का तुला एवढं शिकवलं, असं म्हणालो. ज्या कामावर आमची तीन ताटं वाढली गेली, त्याच कामाला नावं ठेवली, आणि तीही सलूनमध्येच उभं राहून. ती रडली नाही. मीच मागे जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

२८ मे

बोललो नाही. तीही नाही. आरसा कोरा.

२९ मे

प्रोफेसर केस कापायला आले. म्हणाले, तुमची मुलगी येऊन गेली काल. मी म्हटलं, जागा सोडायला आली असेल.

“ते तर झालंच,” म्हणाले. “संध्याकाळच्या वर्गाची चौकशी करत होती. वयाची अट आहे का, शाळा सोडून बरीच वर्षं झाली असली तर चालतं का. मी म्हटलं चालतं, फक्त एक मुलाखत असते. सोमवारची वेळ घेऊन गेली, तुमच्या नावाने.”

माझी कात्री थांबली. ते म्हणाले, अहो, एकच बाजू झाली आहे.

मला तिथे जायचं आहे. सगळ्या महिन्यात हे एकदाही लिहिलं नव्हतं. लांबचं, जवळचं करत होतो ते कोणासाठी, देव जाणे. पण ह्या वयात? पोरांच्या बाकावर? आणि प्रश्न आला नाही तर?

३१ मे, रविवार

सलूनला सुट्टी. उद्या सोमवार. तिने मला माझ्याच खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री घेतली. जातो असं मी अजून कोणालाच म्हटलेलं नाही. “मान खाली,” ती म्हणाली. मी घातली.