मंगळवारपुरता शब्द

२७ फेब्रुवारी १९११, सोमवार

"तुझा नवरा मला जन्मात पटणार नाही, विनी, पण त्याला दिलेला शब्द मी तुलाच दिला असं समजेन." — माझा भाऊ ड्वाइट, माझ्या लग्नाच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर, तोंडात केकचा घास धरून. एकवीस वर्षं झाली. आज दिवसभर हेच वाक्य मनात आहे, आणि त्याचा आधार वाटतोय.

ऑरिनला संध्याकाळच्या गाडीनं घरी आणलं. विधानसभेत त्याच्या शेजारी बसणारे म्हातारे मिस्टर फॅरिस सोबत आले होते. ताप, आणि खोकला असा की फलाटावरचे लोक वळून बघत होते.

"येतच नव्हता," फॅरिस म्हणाले. "उद्या त्याच्या धुळीच्या कायद्यावर मतदान. म्हणे बाकाला बांधा मला, पण इथंच ठेवा!"

मग, फॅरिस सांगत होते, सभागृहात ड्वाइट उठला. समोरच्या पक्षाच्या बाकावरून चालत आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "घरी जा, गाढवा. मंगळवारी मी मत देणार नाही. तुझ्याशी जोडी बांधतो." हात मिळवला. तेव्हा कुठे ऑरिननं कोट घातला.

जोडी! ऑरिन निवडून आला त्या पहिल्या हिवाळ्यात मला हे कळेना. जेवताना त्यानं मीठदाणी उचलून एका खिशात घातली, मिरेदाणी दुसऱ्या खिशात. "एक होकारवाला गेला, एक नकारवाला गेला. टेबलावर काही बदललं?" मी म्हटलं, "बदललं ना. सूप अळणी झालं." किती हसला होता! आणि मग गंभीर होऊन — "हे कुठंही लिहिलेलं नसतं, विनी. नुसता शब्द. पण तो मोडणाऱ्याशी आमच्यात कुणी जेवायला बसत नाही."

आता झोपलाय. श्वासाबरोबर छातीत काहीतरी खरखरतंय.

२८ फेब्रुवारी

तार नाही. दर तासाला विचारतो — "आली?" नाही रे बाबा.

१ मार्च, बुधवार

शेजारच्या मिसेस लांगे बटाट्याचं सूप घेऊन आल्या. ऑरिननं दोन चमचे घेतले. "मिसेस हेल, तुमचा नवरा सूप पीत नाही, सुपाला भाषण देतोय," त्या म्हणाल्या. तो खरंच बोलत होता — तापात. "अध्यक्ष महाराज, अध्यक्ष महाराज..."

त्यांचा नवरा हेर्मान अजून बटणांच्या कारखान्यात शिंपल्याच्या चकत्या घासतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा भुवया पांढऱ्या. ऑरिनच्याही असायच्या. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते चर्चच्या सहलीत, आणि मला वाटलं — एवढा तरुण माणूस आणि भुवया पिकलेल्या! नदीतल्या शिंपल्यांची धूळ ती. अर्ध्या देशाच्या सदऱ्यांना आमच्या गावची बटणं आहेत. धूळ मात्र आमच्याकडेच राहिली.

कारखान्यात ऑरिनच्या आधी त्याच्या बाकावर काम करणारा खोकून मेला. त्याची टोपी खुंटीवर तशीच होती, कुणी काढेना. ऑरिन म्हणायचा, मी त्या टोपीमुळे निवडणुकीला उभा राहिलो. भाषण येत नव्हतं. घरोघर जायचा, मागच्या दारानं, बायका भांडी घासत असायच्या तिथं. मी म्हणायची, अरे, बायकांना कुठं मत आहे? तो म्हणायचा, "त्यांना खोकला ऐकू येतो."

पहिल्या अधिवेशनात त्याचा कायदा समितीतून बाहेरच आला नाही. दुसऱ्यात बाहेर आला, आणि हशा झाला — "बटणांच्या कारखान्यात पंखे! उद्या गाद्या मागतील!" मग पक्षाचे मोठे लोक घरी आले, आमच्या याच बैठकीत बसले. हे प्रकरण सोड, तुला सिनेटवर पाठवतो. ऑरिननं त्यांना कॉफी दिली, गाडीपर्यंत पोचवलं, आणि परत येऊन मला म्हणाला, "तुला राजधानीत राहायला आवडलं असतं का गं?" मी नाही म्हटलं. खोटं बोलले. त्याला कळलं असणार.

आणि या खेपेला मतं जमली होती! दोन्ही पक्षांतून, एकेक करून.

सायंकाळी तार — फॅरिसकडून. काल विरोधक दिवसभर बोलतच राहिले. मतदान आजच्यावर ढकललं.

२ मार्च

मतं समसमान. समसमान म्हणजे कायदा पडला.

ड्वाइटनं मत दिलं.

वर्तमानपत्र तीनदा वाचलं. नकार देणाऱ्यांत — मर्सर. आमचं नाव. माझ्या बापाचं नाव. तो गप्प बसला असता तर एका मतानं झाला असता कायदा.

ऑरिनला सांगितलं नाही. "तार?" "नाही आली." वर्तमानपत्र मी चुलीत घातलं.

३ मार्च

सांगावं लागलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यानंच विचारलं, "कितीनं पडला?"

"बरोबरीत."

त्याला हिशेब सांगावा लागत नाही. मग म्हणाला, "ड्वाइट?"

मी रडायला लागले. मला राग आला होता. म्हटलं, तो या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, शब्द मोडला त्यानं! ऑरिननं माझं मनगट धरलं. हात भट्टीसारखा.

"मोडला नाही, विनी. मंगळवारी मत देणार नाही म्हणाला होता. मंगळवार संपला."

"तू असा वागला असतास?"

डोळे मिटून घेतले. उत्तर दिलं नाही. असा माणूस आहे हा — माझ्या भावाला माझ्यापासून वाचवतोय!

५ मार्च, रविवार

ड्वाइट आला. हातात संत्री, नवी कॉलर. मी दारातच उभी राहिले.

"बाजूला हो, विनी."

"कशाला आलास? आज रविवार आहे. तुझा शब्द कुठल्या वारापर्यंत चालतो?"

"कारखान्यांचे मालक लोक माझ्या मागे उभे होते, अगदी खुर्चीला चिकटून. मंगळवारी मी गप्प बसलो असतो, आईशपथ! बुधवारचं मी काही बोललो नव्हतो."

"आईची शपथ घेऊ नकोस," मी म्हटलं.

आतून आवाज आला. "येऊ दे गं त्याला. मतदानाला हजर राहायची सवय लागलीय त्याला, मोडू नये."

ड्वाइटचं तोंड लाल झालं. आत गेला, खाटेजवळ टोपी फिरवत उभा राहिला. ऑरिननं त्याला बसवलं. संत्रं सोलायला लावलं. दोघं नदीच्या बर्फाबद्दल बोलले — या साली लवकर फुटणार म्हणे. एक अक्षर नाही कायद्याबद्दल! फक्त निघताना ऑरिन म्हणाला, "फॅरिसला नीट ऐकू येत नाही. त्याच्या डाव्या बाजूला बसून बोलत जा."

ड्वाइट पायरीवर थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मी दार लावून घेतलं.

संत्र्याच्या सालींचा वास खोलीभर आहे. मला तो सहन होत नाही, आणि खिडकी उघडायला डॉक्टरांची मनाई.

७ मार्च

डॉक्टर म्हणाले, "याच्या छातीत अर्धी नदी आहे." ऑरिन हसला. "तरी पोहता येत नाही मला." मग पुढे बोलता आलं नाही.

८ मार्च

सकाळी गेला. भुवया आता खरोखरच पांढऱ्या होत्या. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

११ मार्च, शनिवार

पुरलं. कारखान्यातले सगळे आले होते, पाळी बुडवून. टोप्या हातात. खोकला येऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरून उभे होते — पाद्रीबाबांची प्रार्थना चालली होती ना. कुणाला तरी आवरलं नाही, मग दुसऱ्याला, मग सगळेच. प्रार्थना ऐकूच येईना. मिसेस लांगे माझ्या कानात म्हणाल्या, "खोकू दे. त्याला ओळखीचा आवाज आहे."

नंतर फॅरिस स्वयंपाकघरात येऊन बसले. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. त्यांनी सांगितलं — कायदा अजून पुरता मेलेला नाही. विरोधात मत दिलेल्या एका गृहस्थाचं मन खातंय. फेरविचार व्हावा अशी सूचना त्यानं मांडलीय. गुरुवारी, सोळाला, पुन्हा मतदान.

"मग होईल?" मी विचारलं.

"नाही, पोरी. त्याला पुन्हा मतदान हवंय, पण तो मत बदलणार नाही. बाकीचेही जिथल्या तिथे. पुन्हा बरोबरी." टेबलावर बोटानं रेघा ओढत राहिले. "ऑरिनची जागा रिकामी. निवडणूक होईतो अधिवेशन संपेल."

रिवाज असा की गेलेल्या सभासदाच्या बाकावर काळं कापड घालतात, फुलं ठेवतात, आणि कुणीतरी चार शब्द बोलतं. मी गॅलरीत बसायला यावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मी विचारलं, बोलणार कोण?

फॅरिस खाली बघत म्हणाले, "ड्वाइटनं मागून घेतलंय."

१२ मार्च

त्याचा कोट झटकला. खिशात शिंपल्याची एक चकती सापडली — अर्धी घासलेली. ती हातात धरून दुपार गेली.

१३ मार्च

आज आईची आठवण आली. म्हणजे आई गेली त्या हिवाळ्याची — दोन वर्षं झाली. अधिवेशन चालू होतं. आईला पुरायला ड्वाइटला जायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी शाळांच्या करावर मतदान. दोघांचं त्यातही वाकडं! ऑरिन त्याला म्हणाला, "तू जा. उद्या मी गप्प बसतो." फक्त उद्या. नाव पुकारलं की उठून जोडी आहे म्हणायला एकानं तिथं लागतं, म्हणून सासूच्या मातीलासुद्धा ऑरिन आला नाही, तिकडेच थांबला. मी त्यासाठी त्याच्यावर रुसले होते.

मग हिमवादळ. गाड्या बंद. मतदानही पुढं गेलं, एक दिवस. ड्वाइट आमच्याकडे अडकला, माझ्या स्वयंपाकघरात येरझारा घालत होता. "संपलं! आज तो मत देणार, त्याचा शब्द कालपुरता होता. मी असतो तर दिलं असतं!"

ऑरिननं दिलं नाही. त्याचं नाव पुकारलं तेव्हा उठून एवढंच म्हणाला — "माझी मिस्टर मर्सर यांच्याशी जोडी आहे." त्याच्याच पक्षाच्या लोकांनी बाक आपटले. ठराव एका मतासाठी पडला — बरोबरीत. त्याला तो हवा होता, फार हवा होता. घरी आला तेव्हा मी विचारलं, मंगळवार, बुधवार काही असतं की नाही तुमच्यात? तो बूट काढत म्हणाला, "माणूस आईला पुरतोय, विनी. मी काय कॅलेंडर बघू?"

त्या दिवशी मी त्याला विचारलं, तू असा वागला असतास का? त्यानं उत्तर दिलं नाही. उत्तर देऊन झालं होतं त्याचं. मलाच आठवलं नाही.

आणि ड्वाइटला? त्याला आठवत असणार. म्हणूनच संत्री आणली.

मी उद्या राजधानीला जातेय. मिसेस लांगे विचारत होत्या, "भाषण ऐकायला?" मी हो म्हटलं.

१५ मार्च, बुधवार. राजधानी

खानावळीतली खोली. खाली ड्वाइट आलाय — मला जेवायला न्यायला, आणि उद्याचं भाषण वाचून दाखवायला. पायऱ्यांखालून त्याचा घसा साफ करण्याचा आवाज येतोय.

मला मत नाही. विचारणं तेवढं आहे. बरोबरीतून एक नकार उठला, की कायदा झाला. येताना मिरेदाणी पिशवीत घालून आणली — वेडेपणा. घरी टेबलावर मीठदाणी एकटी आहे.

तो नाही म्हणणार. मालक मागे उभे आहेत, खुर्चीला चिकटून. आणि असलं कुणी कधी मागितलेलं नाही, सभागृह हसेल. तरी खाली जाऊन म्हणणार आहे —

भाषण राहू दे, ड्वाइट. उद्या ऑरिनला येता येणार नाही. नाव पुकारलं की उठ, आणि त्याच्याशी जोडी आहे म्हण.